दुसरी सीट

१

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी मी नववी ब च्या वर्गात काळ शिकवत होतो. फळ्यावर तीन वाक्यं लिहून झाली होती आणि चौथ्याला खडू तुटला. शिपाई नानासो दारात येऊन उभे राहिले. एरवी ते कडी वाजवायचे, त्या दिवशी वाजवली नाही.

"सर, हापिसात फोन हाय. सांगलीचा."

"तास संपू दे म्हणावं."

"न्हाई सर. आत्ताच बोलवत्यात."

मुख्याध्यापकांच्या खोलीत रिसीव्हर टेबलावर काढून ठेवला होता. पलीकडे धुळा होता. माझी बायको आम्रपाली कुपवाडच्या ज्या पंपांच्या कारखान्यात काम करायची, तिथला हा स्टोअरकीपर. जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी डोकं दुखतंय म्हणून टेबलावर मान टेकली, तो सांगत होता. सगळ्यांना वाटलं, जरा पडल्या असतील. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी उठल्या नाहीत. एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि त्यापुढचं वाक्य टाळत होता. शेवटी मीच विचारलं.

"व्हय सर," तो म्हणाला.

मी वर्गात परत गेलो, फळा पुसला, हजेरीपुस्तक कपाटात ठेवलं, आणि मग स्टेशनकडे निघालो. दुपारची गाडी वेळेवर होती.

२

आमच्या घरात निघताना 'येतो' म्हणत नसत. इतर लोक 'जातो' म्हणायला घाबरतात, ते अशुभ मानतात. माझ्या वडिलांनी छप्पन्नच्या दीक्षेनंतर देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले आणि त्याच आठवड्यात हा शब्दही घराबाहेर काढला. "जायचं तर जातो म्हनायचं," आबा सांगायचे. "शब्दानं माणूस मरत न्हाई, आन् शब्दानं परत येत न्हाई."

आम्रपाली खंडाळ्याची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा सवयीनं उंबऱ्यात म्हणाली, "येते." आबांनी पेपरातून डोकं वर काढलं. "अजून गेली न्हाईस, तर येतीस कुठनं?" ती इतकी हसली की एसटी चुकली. त्यानंतर हा नियम तिनं आमच्यापेक्षा कडक पाळला. फक्त माझं नाव ती घेत नसे. मी कायम 'अहो'. त्यावरून आबांनी टोकलं, तर म्हणाली, "आबा, एका वेळी एकच क्रांती."

माझी शाळा कोरेगावात, तिचा कारखाना कुपवाडला. ती तिथं खरेदी आणि विक्री बघायची आणि सांगलीत विश्रामबागला एका खोलीत राहायची. मूल झालं नाही. दर शनिवारी संध्याकाळी ती गाडीनं यायची आणि रविवारी परतायची. कोरेगावच्या फलाटावर खिडकीच्या गजांतून ती मोठ्यानं म्हणायची, "जाते हं!" डब्यातल्या बायका वळून तिच्याकडे बघायच्या. असं अकरा वर्षं चाललं.

३

जलदान विधीनंतरच्या शनिवारी मी ती खोली रिकामी करायला गेलो. आता उलट दिशेची गाडी माझ्या वाट्याला आली होती.

खोली पहिल्या मजल्यावर होती, बाहेरून लोखंडी जिना. खाली घरमालकीण बायडाबाई एकट्याच राहायच्या. त्यांनी माझ्यामागे जिन्यावर चहाचा कप आणून दिला आणि खाली गेल्या.

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, बुद्धाची तसबीर, आणि खिडकीपाशी टेबलावर कॉम्प्युटर. कारखान्यानं नवा घेतला तेव्हा जुना तिनं मागून घेतला होता. त्याच्या आतली घड्याळाची बॅटरी केव्हाच संपली होती, त्यामुळे दर वेळी चालू केला की तो एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी ही तारीख दाखवायचा. तिनं त्यावर स्वतः विणलेलं आच्छादन घातलं होतं. मी ते काढून घडी केली. खरं तर मला आधी भांडी बांधायची होती.

धुळानं कुठून तरी फ्लॉपीवर आणलेला एक खेळ त्यात होता. काळा पडदा, त्यावर पांढरे ठिपके. ते तारे. त्यांच्यामधून एक जहाज जायचं. एका बंदरात धान्य स्वस्त घ्यायचं, चार दिवसांच्या प्रवासावरच्या दुसऱ्या बंदरात ते महाग विकायचं, तिथून यंत्रं घ्यायची, पुढं जायचं. पैसा साठला की जुनं जहाज देऊन मोठं घ्यायचं. बस्स, एवढाच खेळ. तिच्या पहिल्या जहाजाचं नाव 'चिमणी' होतं. ते विकून मोठं घेतलं, त्याला तिनं 'लाल डबा' म्हटलं.

मागच्या दिवाळीत इथं आलो असताना मी तिच्या खांद्यावरून बघत म्हटलं होतं, "दिवसभर तेच करतेस, आणि घरी येऊनही तेच?"

"तिथला नफा मालकाचा असतो, अहो. इथला माझा."

"एवढा मोठा डबा आणि सीट एकच?"

"ड्रायव्हरची आहे. कंडक्टरची अजून परवडत नाही." मग पडद्याकडेच बघत म्हणाली, "दोन सीटचं जहाज फार महाग आहे. ते घेतलं की खेळ बंद."

"आणि जाणार कुठं?"

"कुठं ते नंतर. आधी दुसरी सीट."

मी खेळ चालू केला. लाल डबा कुठल्याशा बंदरात उभा होता. प्रत्येक बंदर सोडताना एक ओळ लिहायची सोय त्या खेळात होती. कुणी त्यात भाव लिहून ठेवत असेल. तिनं इंग्रजी अक्षरांत दर वेळी एकच शब्द लिहिला होता. मी यादी वर सरकवत गेलो. जाते. जाते. जाते. वर्गात शिक्षा म्हणून शंभरदा लिहून आणायला सांगावा तसा. शेवटची ओळही तीच होती.

दुपार झाली, ऊन टेबलावरून खाली उतरलं. मी ठिपक्यांकडे बघत बसलो होतो. भांडी बांधली नाहीत.

४

पुढच्या शनिवारी बायडाबाई जिन्याच्या पायथ्याशी धान्य निवडत बसल्या होत्या.

"सर, मंगळवारी आलावता व्हय तुमी?"

"नाही. का?"

"वर खडखड वाजत हुतं. दुपारच्याला. मॅडम करायच्या तसं. म्हनलं सर आलं आसतील, च्या करून न्यावा. तर वर कुलूप."

"उंदीर असेल, मावशी."

त्यांनी सुपातून नजर वर केली. "उंदीर थांबून थांबून वाजवतंय? मदी वाचल्यावानी?"

मी कुलूप उघडलं. आच्छादन घडी करून खाटेवर ठेवलं होतं, तसंच होतं. धूळ होती, तिच्यावर कुणाचं बोट उमटलेलं नव्हतं. खोलीत गुळगुळीत शांतता होती, शाळा सुटल्यावर वर्गात असते तशी. कॉम्प्युटर चालू केला. लाल डबा दुसऱ्याच बंदरात उभा होता. मी यादी उघडली.

शेवटच्या ओळीत 'येते' लिहिलं होतं.

मी बराच वेळ त्या चार अक्षरांकडे बघत राहिलो. मी मराठीचा शिक्षक आहे. निघताना बाई 'येते' म्हणते तेव्हा तिला 'निघते' एवढंच म्हणायचं असतं. महाराष्ट्रात रोज लाखो बायका हे म्हणतात आणि त्याचा काही अर्थ होत नाही. दुसरा विचार असा, की आधीच्या खेपेला मी यादी नीट पाहिलीच नव्हती. तिसरा, की आधीच्या खेपेला पडद्याकडे बघता बघता माझ्याच हातून काही दाबलं गेलं असेल. एकट्या माणसाला स्वतःच्या हातांचा सगळा हिशोब आठवत नाही.

तिन्ही विचार योग्य होते. पण आम्रपाली 'निघते' म्हणायला 'येते' लिहिणार नाही.

५

कुपवाडला जाऊन मी धुळाला गाठलं. स्टोअरच्या काउंटरमागे तो नट मोजत बसला होता. धुळा जतकडचा, घरी मेंढरं असलेला, पस्तिशीचा माणूस. मला बघून उठला.

"तू खोलीवर गेला होतास का? तो खेळ खेळायला?"

"मी? न्हाई सर. किल्ली तुमच्याकडं." मग थोडं हसला. "आन् खरं सांगू? मला येतच न्हाई त्यो. पहिल्याच बंदरात दिवाळं. मॅडम म्हनायच्या, धुळा, तू मेंढरंच विक."

"मग पुढं कोण खेळलं असेल?"

त्यानं हातातला नट खाली ठेवला. "सर, रागावू नका. आमच्यात आसतंय आसलं. माणूस अर्ध्यावर गेलं तर काम..."

"आमच्यात नसतं," मी म्हणालो.

"व्हय सर. तुमच्यात नसतंय." तो नम्रपणे म्हणाला. "टेंपो आणू का रविवारी? समदं सामान एका खेपंत कोरेगावला पोचवतो. त्यो कॉम्प्युटरचा डबा मालकाला परत देऊ."

मी म्हणालो, कळवतो.

त्या दुपारी मी पहिल्यांदा स्वतः खेळलो. महाग धान्य घेतलं, नको त्या बंदरात नेलं आणि निम्म्या भावात विकलं. तिनं मला खुर्चीतून उठवून हाकललं असतं. तसाच खेळ टाकून उठलो.

पुढच्या शनिवारी तोटा भरून निघालेला होता. वर नफाही होता, आणि यादीत तीन नव्या ओळी. येते. येते. येते.

इथं मला एक गोष्ट मान्य केली पाहिजे. घाबरलेला माणूस खोलीत परत जात नाही. मी गेलो. मी मुद्दाम चुका करून ठेवायला लागलो. औषधं खराब होऊ द्यायची, यंत्रं कवडीमोलानं विकायची, जहाज रस्त्यावर अडकवून ठेवायचं. शनिवारी येऊन बघायचं, तर सगळं निस्तरलेलं असायचं. लग्नाच्या अकरा वर्षांत मी जेवढा बेशिस्त नव्हतो तेवढा त्या मार्च महिन्यात झालो. आठवडाभर कोरेगावात मुलांच्या वह्या तपासताना मला आतून कुठंतरी हलकं वाटायचं, तापातून उठल्यावर वाटतं तसं. गाडी भिलवडी सोडून नदीच्या पुलाकडे आली की खिडकीबाहेरचा ऊस, पाणी, ऊन सगळं संथ सरकायचं, आणि मला वाटायचं, हेही दोन बंदरांमधलंच आहे.

६

चौदा एप्रिल रविवारी आला. कोरेगावच्या विहारात दर वर्षीप्रमाणे माझं भाषण होतं. विषय वैज्ञानिक दृष्टी. मी चांगला बोललो. पुढच्या रांगेत आबांच्या वयाचे अर्जुना कांबळे बसले होते, ते उठून म्हणाले, "धनाजी, बापाचं नाव राखलंस." मी खाली बघितलं.

भाषणामुळे त्या आठवड्यात सांगलीला जाता येणार नव्हतं. पण आदल्या खेपेला मी एक गोष्ट करून आलो होतो. कॉम्प्युटरची वीज जोडणारी केबल काढून पिशवीत घालून कोरेगावला आणली होती. पंधरा दिवस ती माझ्या कपाटात, शर्टांच्या खाली होती. शाळेतून आलो की मी कपाट उघडून बघायचो.

पंधरा दिवसांनी मी जिन्यावर पोचलो तेव्हा बायडाबाई खालून म्हणाल्या, "सर, आता लय वाजतंय. मंगळवार न्हाई, बुधवार न्हाई, रोज. दुपारची झोप न्हाई मला."

"मावशी, त्याला वीजच नाही. हे बघा." मी पिशवीतून केबल काढून दाखवली.

त्यांनी केबलकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "ह्ये मला कशाला दावता," त्या म्हणाल्या. "तिला दावा."

खोली बंद राहून तापली होती. मी कॉम्प्युटरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. गरम होता. एप्रिलमधल्या सांगलीत दुपारी तीन वाजता प्रत्येक गोष्ट गरम असते. तसबिरीची काच गरम होती, स्टोव्हची टाकी गरम होती, मी तेही हात लावून पाहिलं.

केबल जोडली. एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. खेळ चालू केला.

लाल डबा नव्हता. नवं जहाज होतं, त्याला अजून नाव नव्हतं. जुन्या जहाजात आतून बघितलं तर फक्त काच आणि काट्याची घड्याळं दिसायची, कारण बघणारा तोच चालवणारा. इथं चित्र मागून होतं. पांढऱ्या रेषांत काढलेली खोलीसारखी जागा, पुढं मोठी काच, काचेपलीकडे तारे, आणि काचेकडे तोंड करून दोन खुर्च्यांच्या पाठी.

डावीकडच्या खुर्चीच्या पाठीवर, मधोमध, पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहान गोळा होता. आम्रपाली बांधायची त्या अंबाड्यासारखा. खेळाच्या चित्रात असं काही कशाला काढतील, असा विचार मी केला. मग मला दिसलं, की तो गोळा अगदी हळू, बघणाऱ्याला हलतोय असं वाटू नये इतका हळू, उजवीकडे कलत होता. टेबलावर मान टेकण्याआधी कलते तसा.

मी डोळे मिटले. खालच्या रस्त्यावरून कुणीतरी लुना घेऊन गेलं. डोळे उघडले तेव्हा गोळा सरळ होता, नेहमीसारखा, जणू तो कधी कललाच नव्हता. पण उजवीकडच्या खुर्चीची पाठ आता दिसत नव्हती. ती खुर्ची माझ्याकडे वळली होती. रिकामी होती.

खाली एक चौकट लुकलुकत होती. सोबत येणाऱ्याचं नाव.

मी काहीही लिहिलं नाही. स्वतःला समजावत कॉम्प्युटर बंद केला, केबल काढली, ती पिशवीत घातली, चपला घातल्या. परतीच्या गाडीला पाऊण तास होता. दार ओढून घेताना, कुलपात किल्ली फिरवताना, माझ्या तोंडून शब्द गेला. बेचाळीस वर्षांत मी तो असा कधी वापरला नव्हता. आबांच्या अंत्यविधीलाही नाही, तिच्याही नाही. लोक म्हणतात तसा, सहज, आत बघून.

"येतो."

कुलूप लागलं होतं. माझा हात अजून त्याच्यावरच होता. आतून कळांचा आवाज आला. तीन. तिसऱ्यानंतर थोडी शांतता, जशी ती वाचून बघायला थांबायची.

खालून बायडाबाईंनी विचारलं, "सर, काय म्हनलासा?"

"काही नाही," मी म्हणालो.

७

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. धुळानं दोन पत्रं पाठवली, टेंपोचं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या शनिवारी गेलो.

त्या दिवशी खाली कुणी नव्हतं. बायडाबाई लेकीकडे इस्लामपूरला गेल्या होत्या. मी स्वतःशी ठरवून आलो होतो. मनातल्या मनात आबांशी बोलूनही झालं होतं. खेळ पुसून टाकायचा, कॉम्प्युटर बांधायचा, रविवारी सामान हलवायचं. एक पत्र्याचा डबा आहे, त्यात वीज सोडली की चित्र दिसतं, वीज काढली की दिसत नाही. ह्यापलीकडे काही नाही.

केबल जोडली. जहाज बंदरात उभं होतं, दोन्ही खुर्च्या काचेकडे तोंड करून. अंबाड्यासारखा गोळा कुठं दिसला नाही. तारे नेहमीसारखे होते. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी चुकल्यासारखंही.

मग खालची चौकट दिसली. सोबत येणाऱ्याचं नाव भरलेलं होतं. धुळानं लिहिलं असतं तर 'धनाजी सर' लिहिलं असतं. मी झोपेत लिहिलं असतं तर 'धनाजी' लिहिलं असतं. मला ज्या नावानं एकाच माणसानं हाक मारली, ते तीन अक्षरांत लिहिलं होतं.

अहो.

त्याखाली खेळानं विचारलं होतं, निघायचं का? होय असेल तर वाय दाबा, नाही असेल तर एन.

मी खुर्चीत बसलो. चार वाजले, पाच वाजले. ऊन टेबलावरून उतरून खाटेवर गेलं आणि भिंतीवर चढलं. एकदा मला वाटलं, मागं जिन्यावर कुणीतरी दोन पायऱ्या चढून थांबलंय, वाट बघतंय, घाई नाही असं. मी वळून पाहिलं नाही. वाय दाबणं मला शक्य नव्हतं, ते न दाबणं आबांनी, शाळेनं आणि विहारातल्या माझ्याच भाषणांनी माझ्या बोटांत घालून ठेवलं होतं. मी ते कधीच करणार नव्हतो. उरला एन. एन दाबायला एक क्षण लागतो. त्यानं चौकट गेली असती, नाव गेलं असतं, दुसरी खुर्ची रिकामी म्हणून नोंदली गेली असती, आणि मी सामान बांधू शकलो असतो. मी बोट त्या कळेवर ठेवलं. ती थंड होती, खोलीत तेवढीच एक गोष्ट थंड होती.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी केबल काढली, पिशवीत घातली आणि दाराला कुलूप लावलं. या वेळी दारात काहीच म्हणालो नाही.

याला आता दोन वर्षं होतील. खोलीचं भाडं मी मनीऑर्डरनं पाठवतो. बायडाबाई लेकीकडून केव्हाच परत आल्या आहेत, त्यांनी काही विचारलेलं नाही. सगळ्यांना वाटतं, सामान हलवायचं राहिलं आहे. राहिलं आहे ते निराळं. मी एन दाबलेला नाही.